माती नव्हती, बाई, तुझे हात होते

बाई, काल तुझी तेरवी झाली. अंगणातल्या चुली मी घातल्या होत्या. एकीलाही धूर नव्हता. हे आधी सांगून टाकते, कारण यापुढे सगळं भांडणच आहे.

चारचौघांत मी तुला 'तुम्ही' म्हणत आले, आणि मागच्या बोडीच्या पाण्याकाठी आपण दोघीच असलो की 'तू'. धाकटी जाऊ मोठ्या जावेला अरेतुरे करते हे सासूबाईंच्या कानावर गेलं असतं तर माझी धडगत नव्हती. आता ऐकायला सासूबाई नाहीत आणि तूही नाहीस, म्हणून 'तू'च म्हणते. आमगावच्या शाळेत चौथीपर्यंत शिकले खरी, पण माहेरच्या पत्रापलीकडे कधी लेखणी धरली नाही. आज धरली, कारण तोंडाने बोलायला गेले की रडू येतं. आणि मला तुझ्यापुढे रडायचं नाही.

मी या घरात आले तेव्हा तू चिचगडवाली होतीस आणि मी आमगाववाली झाले. आपली खरी नावं माहेरच्या उंबऱ्यातच राहिली; तुझं भागरता तेवढं गावाच्या तोंडी टिकलं. मी डावखुरी. सासूबाई माझ्या डाव्या हातावर पळी मारायच्या, मग मी उजव्या हाताने वरण ढवळायची आणि अर्धं चुलीत सांडायची. आमगावच्या दुकानदाराची पोर, हिला रांधता येत नाही, असं सगळ्या गावात झालं. तू काही बोलायची नाहीस. सांडलेलं पुसून घ्यायचीस. तेव्हा मला तुझाही राग यायचा.

पुढे दोघा भावांच्या चुली वेगळ्या झाल्या. भांडण मोठं नव्हतं, पण वेगळं निघणं म्हटलं की मनं आंबतातच. माझ्या वाट्याला मागची खोली आली. तिथे चूल घालायला कोणाला बोलवावं याची मी विचारपूस करत होते, तर तू डोक्यावर मातीची टोपली घेऊन दारात हजर. वेगळ्या निघणाऱ्या जावेची चूल मोठीने आपल्या हाताने घालून द्यावी, असं मी कुठे पाहिलं नव्हतं.

"बस," म्हणालीस.

"कुठं?"

"रांधायले बसते तशी बस ना व. काऊन उभी राहून राहिली?"

मी बसले. तू माझ्या गुडघ्याला वीत लावलीस, मनगटाशी हात धरून पाहिलास. मग मूठभर धानाचं तणस पेटवून खोलीच्या मध्ये धरलंस आणि दार लोटून, दार उघडून धूर कुणीकडे वळतो ते पाहत राहिलीस. त्यानंतर माती हातात घेतलीस. बोडीची काळी माती, थोडी वारुळाची, बारीक कापलेलं तणस आणि शेण. संध्याकाळ व्हायच्या आत चूल उभी राहिली. वरण ठेवायची बाजूची वैल सगळ्यांच्या घरी उजवीकडे असते. माझी तू डावीकडे काढली होतीस. मी वैलीकडे बघितलं आणि तुझ्याकडे बघितलं, तर तू हात धुवायला निघूनही गेली होतीस.

चूल वाळली, आणि त्या घरात मी पहिल्यांदा डाव्या हाताने रांधलं. कोणी मारायला नव्हतं. वरणाचा थेंब सांडला नाही. मी तशीच धावत तुझ्याकडे आले, "बाई, किती सुरेख चूल घातली व!" तू सुपातलं धान पाखडत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "बोडीची मातीच चांगली हाय."

"माती इचारते काय बाई, कोन डावखुरी हाय म्हनून?"

तू पदर तोंडाला लावून हसलीस. "चूप बस, आमगाववाली." आपलं भांडण तिथून सुरू झालं, आणि ते मिटवायच्या आधी तू गेलीस.

गावात सून यायची म्हटलं की तिच्या आधी तुला बोलावणं यायचं. माती तुडवायला आणि तणस कापायला मी तुझ्याबरोबर असायची. एखाद्या घरी गेल्यावर तू आधी चुलीकडे बघायचीच नाहीस, बाईकडे बघायचीस. ती उठते कशी, बसते कशी, कुठला गुडघा दुखतो. गरोदर असेल तिला फार वाकावं लागू नये अशी चूल. पाय अधू असेल तिला बसून सगळं हाताशी येईल अशी. उंच बाईची चूल ठेंगणीच्या कामाची नसते, हे मला तुझ्यामुळे कळलं. आणि काम झाल्यावर घरची बाई काही चांगलं बोलली, की ठरलेलं तुझं ते एकच वाक्य. माती चांगली हाय.

तुझ्याबरोबर हिंडून माझाही हात बसला. सुरुवातीला माझी चूल झाली की तू अंगठ्याने काहीतरी दाबायचीस, कुठे खरवडायचीस. एकदा मात्र कशालाच हात लावला नाहीस. चुलीभोवती फिरलीस, तोंडाशी गाल नेऊन हवा बघितलीस आणि उठलीस. मी वाट बघत होते. चांगली झाली, एवढं एकदा म्हणशील असं वाटत होतं. पण तू टोपली उचलून चालू लागलीस. रागाने मी घरापर्यंत तुझ्याशी बोलले नाही. आता कळतं की जी बाई स्वतःला चांगलं म्हणत नाही, तिच्याकडे दुसरीला द्यायला तो शब्द उरलेलाच नसतो.

तू एकटीच तशी नव्हतीस म्हणा. आपल्या सगळ्या बायांना ही खोड. लोणच्याला कोणी चांगलं म्हटलं की कैऱ्या चांगल्या होत्या. बाळ न्हाऊन धष्टपुष्ट दिसलं की तेल चांगलं होतं. अंगणातल्या रांगोळीला कोणी थबकलं तर म्हणायचं, काही नाही, अशीच ओढली. तेच घरातला पुरुष धानाच्या रचलेल्या पुंजण्यासमोर उभा राहून माझं पीक, माझं पीक करतो, आणि पाऊस ज्याने पाडला त्याला कोणी विचारत नाही. मोठेपणा मिरवू नये, मलाही पटतं. पण जे हाताला येतं ते येतं म्हणणं म्हणजे मिरवणं नव्हे. येत नाही म्हणणं तर चक्क खोटं आहे, आणि त्या खोट्याचं काय झालं ते आपण दोघींनी पाहिलं.

आपला मुलूख नागपूरकडून मुंबईच्या राज्यात गेला, त्याच साली गावाच्या वरच्या टोलीत गुणाबाईच्या पोरीचं लग्न निघालं. गुणाबाई मनाची वाईट नव्हती. ती मला विहिरीवर म्हणाली होती, "भागरताबाईच सांगते मातीच चांगली हाय म्हनून. मंग तिले कायले तरास द्यायचा?" आणि त्यांनी बोडीतून गाडीभर माती नेली आणि घरच्या घरी चुली घातल्या. तुझ्या बोलण्यावर विश्वास ठेवून घातल्या, बाई. तू इतकी वर्षं जे सांगत आलीस तेच त्यांनी केलं.

लग्नाच्या दिवशी मांडवभर धूर झाला. बाया डोळे चोळत बाहेर पळाल्या. मोठी चूल मधोमध फुटली, भाताचा हंडा कलंडला, आणि वरपक्षाची माणसं अर्धपोटी उठली. मोठा अपमान झाला. त्यानंतर टोलीत बोलणं सुरू झालं. माती तीच, बोडी तीच, तर मग तिची चूल धुरत नाही आणि आपली काऊन धुरली? तिच्या हातात काही नाही हे तर तीच सांगते. म्हणजे मागून काहीतरी करत असणार. जंगलाकडच्या बाया, चिचगडच्या, त्यांना सारं येतं. बोलावलं नाही म्हणून तिने मातीवर काहीतरी केलं.

तू विहिरीवर गेलीस की बाया लेकरांवर पदर घ्यायला लागल्या. एकीने तर कडेवरचं पोर दुसऱ्या कडेवर घेतलं, तुझी सावली पडू नये म्हणून. तू ते पाहिलंस. घागर भरलीस, डोक्यावर घेतलीस आणि पाणी न हिंदकळता घरी आलीस.

मला नाही राहवलं. मी तडक गुणाबाईच्या अंगणात गेले. तू मागून धापा टाकत आलीस. मी ओरडत होते, "मंतर नाई का तंतर नाई! हात हाय तिचा. शिकली हाय ते, वर्सानुवर्सं शिकली हाय. आना माती, तुमच्यासमोर बाई घालून दाखवते. पाहा डोळ्यानं!" बाया गोळा झाल्या होत्या. दोन शब्दांचं काम होतं, बाई. होय, मला येतं, असं येतं, एवढं तू म्हटलं असतंस तर सगळं तिथेच संपलं असतं. तू माझा दंड धरलास आणि गुणाबाईला हात जोडून म्हणालीस, "माह्या हातात काई नाई व बाई. खरंच काई नाई."

त्यांना ते कसं ऐकू गेलं असेल सांग. चोरी पकडली गेल्यावर माणूस म्हणतो तसंच ते ऐकू गेलं.

मी तुला बोडीवर गाठलं. इतकी भांडले त्या दिवशी की काठावरचे बगळे उडाले. "काऊन नाई बोलली? तोंड काय शिवलं होतं?" तू पाण्यापाशी बसून हातातला मातीचा गोळा दाबत होतीस, सोडत होतीस. तशीच म्हणालीस, "एकडाव बोलली होती."

मग तू सांगितलंस. इतक्या सपाट आवाजात, की कोणा दुसऱ्याच बाईचं सांगते आहेस असं वाटावं. तू नवी होतीस, मांडीवर पहिलं लेकरू, नुकतंच बसायला लागलेलं. शिवरात्रीला नागऱ्याच्या महादेवाला गेला होतात, आणि परत येताना बैलगाडीत बायांच्या गप्पा रंगल्या. कोणीतरी चुलीचं काढलं. आणि तू आनंदाच्या भरात बोलून गेलीस, "माह्यासारखी चूल या गावात कोनी घालत नाई." बाया हसल्या, तूही हसलीस. घरी आल्यावर लेकराला ताप भरला आणि त्या तापातच ते गेलं. सासूबाई सगळ्या बाया बसलेल्या असताना म्हणाल्या, "हिच्या तोंडानं खाल्लं लेकरू." तुझा नवरा, माझे भासरे, तिथेच होते. ते काही बोलले नाहीत. त्यानंतर तुला मूल झालं नाही.

"तवापासून माती म्हनते," तू म्हणालीस. "मातीले कोनाची नजर लागत नाई."

इतकी भांडकुदळ मी, आणि मला एक शब्द सुचला नाही. माझ्या डोळ्यांसमोर कुसुम आली. घरी अंगणात खेळत असलेली माझी एकुलती एक पोर. मला वाटलं, मीही कधी बोलले आहे का? चांगली चूल घातली म्हणून मनात तरी फुशारले आहे का? भीती अशी अंगात शिरली की मी तुझ्या बाजूला नुसती बसून राहिले. तू मातीचा गोळा पाण्यात सोडून दिलास. आपण घरी आलो आणि कुसुमच्या कपाळाला मी हात लावून पाहिला.

त्यानंतर तू माती हातात घेतली नाहीस. लोक हळूहळू विसरले, टोलीतूनसुद्धा बोलावणं आलं. लोकांना धूर सोसत नाही, राग किती दिवस धरतील? पण तू दारातूनच सांगायचीस, "आमगाववालीले न्या." आणि मला मागे घेऊन कानात, "कोनी इचारलं तर माती म्हन." मी जात राहिले, चुली घालत राहिले आणि माती म्हणत राहिले. तुझा शब्द मोडायचा नाही असं मी स्वतःला सांगायची. खरं तर मीही घाबरत होते. तू मला कसब दिलंस आणि त्याच हाताने तुझी भीतीही दिलीस, बाई. याचा मला राग आहे, आणि तो तुझ्याबरोबर गेलेला नाही.

शेवटच्या दुखण्यात तू बोलेनाशी झाली होतीस, पण हात थांबत नव्हते. गोधडीची कड अंगठ्याने दाबायचीस, पुढे सरकायचीस, परत दाबायचीस. चुलीची कड बांधताना करायचीस अगदी तसं. घरातले म्हणाले, वाताने होतं. मी तुझे हात हातात घेतले, तरी अंगठा चालूच होता. ज्या हातांत काही नाही म्हणून तू जगासमोर हात जोडलेस, त्यांना काय येत होतं ते त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही. मला तेव्हा तुला एक गोष्ट सांगायची होती. ओठांवर आली होती. पण खोलीत माणसं होती, भासरे उशाशी बसले होते, आणि तुझा डोळा लागला. दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं तर दुसऱ्या दिवशी तू नव्हतीस.

आता तेरवीचं सांगते. कुसुम पहिल्या बाळंतपणासाठी आली आहे, सातवा महिना संपत आलाय. भरल्या पोटाच्या पोरीने तेरवीत कशाला यायचं, म्हणून चुलत्या-मावश्या कुजबुजल्या. पण ती तुझ्याच मांडीवर वाढलेली, ऐकते कशाला? चार दिवस आधी मी चुली घालत होते तेव्हा माझ्याजवळ पाट घेऊन बसली होती आणि तणस कापून देत होती. माती कोणी आणून दिली सांगू? गुणाबाईने. स्वतः बोडीत उतरून टोपली भरून आणली. म्हातारी झाली आहे ती आता. टोपली ठेवली आणि माझ्या बाजूला जरा वेळ बसली.

भात झाला, वरण झालं, वडे तळले. पंगत बसली. गोंदियाहून भासऱ्यांचे मावसभाऊ आले होते, तांदळाच्या गिरणीत असतात ते. हात धुऊन चुलीपाशी आले आणि त्यांच्या गोंदियाच्या बोलीत म्हणाले, "अरे वा भाभी, इतनी लकडी जली और धुआँ बिलकुल नहीं! चूल्हा किसने बनाया?"

मी तोंड उघडायच्या आत गुणाबाई बोलली. "आमच्या बोडीची मातीच चांगली हाय, भाऊ."

ते तुझं वाक्य होतं, बाई. तू गेल्यावरही ते गावात फिरत होतं. तुझ्याच तेरवीच्या चुलीसमोर, ज्या बाईने त्याच वाक्यापायी तुझ्यावर बोट ठेवलं तिच्या तोंडून, आणि तेही कसल्याही वाईट हेतूने नव्हे. मी कुसुमकडे पाहिलं. ती वाढण्याची परात घेऊन उभी होती, एक हात पोटावर. ती माझ्याकडे बघत होती, आई आता काय म्हणते म्हणून. मी माती म्हटलं असतं तर तीही उद्या माती म्हणाली असती. आणि तिच्या पोटातली पोर असेल तर तीही.

भीती होतीच. खोटं नाही सांगत. नागऱ्याची ती बैलगाडी मला दिसत होती आणि सासूबाईंचा आवाज कानात होता. तरी मी म्हणाले, "माती कुठलीबी चालते, भाऊजी. ह्या चुली म्या घातल्या. मले चांगल्या घालता येतेत. आन मले भागरताबाईनं शिकवलं. तिच्यासारखी चूल या गावात कोनी घातली नाई."

पंगतीत भासऱ्यांचा घास हातातच राहिला. मग त्यांनी तो तसाच पानावर ठेवला आणि मान खाली घातली. गुणाबाईने पदराने डोळे पुसले. यावेळी धूर नव्हता. गोंदियाचे पाहुणे "बहुत बढ़िया, बहुत बढ़िया" म्हणत निघून गेले, त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत. कुसुम मात्र जवळ आली आणि म्हणाली, "आई, मले शिकवशील?"

आता सकाळ आहे. मी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला आहे. परत पाहीन. तिचं बाळंतपण नीट होईस्तोवर रोज पाहीन, हे मला ठाऊक आहे. भीती गेलेली नाही. काही वाईट झालं तर कदाचित मीच माझ्या तोंडाला दोष देईन. पण मी ते बोलले, आणि बोलताना माझी भरल्या पोटाची पोर माझ्यासमोर उभी होती. तुझ्यापाशी शपथेवर सांगायला माझ्याकडे एवढंच आहे.

म्हणून बोडीवर जे सुचलं नाही आणि उशाशी बसून जे सांगायचं राहिलं, ते आता सांगते. तुला ते कोणी सांगितलं नाही, सासूबाईंनी नाही, भासऱ्यांनी नाही, मीही नाही. तुझ्या लेकराला ताप आला होता, बाई. नुसता ताप होता. गाडीत तू बोललीस ते खरं होतं, आणि खरं बोलल्याने तुझं लेकरू गेलं नाही.